'फ्यू', 'अ फ्यू' आणि 'द फ्यू' : अनिश्चित संख्याविशेषणांचा निश्चित व्यवहार

मराठीच्या शालेय व्याकरणात 'काही', 'थोडे', 'पुष्कळ', 'अनेक' या शब्दांचा समावेश 'अनिश्चित संख्याविशेषणे' या सदराखाली केला जातो. इंग्रजीतील 'सम', 'फ्यू', 'सेव्हरल', 'मेनी' यांची वासलात तेथील परंपरागत व्याकरणही याच धर्तीवर लावते. वरवर पाहता हे नाव निर्दोष वाटते. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. संख्या सांगणे हे या शब्दांचे काम असून ते काम ते अपुरेपणाने करतात, असे हे नाव सुचविते. 'सात' म्हणणाऱ्याने मोजले, 'थोडे' म्हणणाऱ्याला मोजता आले नाही किंवा त्याने मोजण्याचा कंटाळा केला, अशी काहीशी ही धारणा आहे. इंग्रजीतील या शब्दांचा गेल्या पन्नास-साठ वर्षांत भाषावैज्ञानिकांनी, तत्त्वज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी जो विचार केला, त्याने ही धारणा टिकण्याजोगी ठेवलेली नाही. संख्येच्या बाबतीत हे शब्द अनिश्चित आहेत हे खरेच. परंतु त्या संख्येविषयी बोलणाऱ्याने घेतलेल्या भूमिकेच्या बाबतीत ते कमालीचे निश्चित आहेत, आणि रोजच्या बोलण्यात त्यांची निवड होते ती या दुसऱ्या निश्चितीसाठी.

इंग्रजी शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याची या प्रश्नाशी गाठ फार लवकर पडते, ती बहुधा रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातून. 'फ्यू', 'अ फ्यू' आणि 'द फ्यू' या तीन प्रयोगांतील फरक त्यात स्वतंत्रपणे सांगितला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तो पाठ केला आहे : पहिला नकारार्थी, दुसरा होकारार्थी, तिसरा 'जे काही थोडे आहेत ते सगळे' अशा अर्थाचा. रिकाम्या जागा भरण्यापलीकडे या नियमाकडे फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः हा नियम मोठा विलक्षण आहे. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात पंधरा श्रोते आले आहेत, अशी कल्पना करावी. संयोजकांपैकी एक जण 'फ्यू' आले असे सांगेल, दुसरा 'अ फ्यू' आले असे सांगेल. दोघांनी तीच माणसे पाहिली. दोघांचेही विधान खरे आहे. मोजण्यात कोणाचीही चूक झालेली नाही. तरीही पहिल्याचे वाक्य ऐकणारा 'मग व्याख्यान रद्द केले का?' असे विचारील आणि दुसऱ्याचे ऐकणारा 'म्हणजे व्याख्यान झाले तर!' असे म्हणेल. एका अक्षराच्या उपपदाने संख्येत एकाचीही भर घातलेली नाही. त्याने बदलली आहे ती विधानाची दिशा.

ही दिशा केवळ सुराची किंवा भावनेची बाब असती, तर व्याकरणाने तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ती वाक्यरचनेत उतरलेली आहे. एडवर्ड क्लायमा यांनी १९६४ मध्ये इंग्रजीतील नकाराचा जो विचार मांडला, त्यात वापरलेली एक कसोटी येथे उपयोगी पडते. इंग्रजी बोलीत होकारार्थी विधानाच्या शेवटी नकारार्थी प्रश्न जोडतात आणि नकारार्थी विधानाच्या शेवटी होकारार्थी. 'फ्यू' असलेल्या वाक्यात 'नाही' या अर्थाचा एकही शब्द नसतो. तरीही त्याच्या शेवटी 'डिड दे?' असा, म्हणजे नकारार्थी वाक्याला शोभणारा प्रश्न येतो. 'अ फ्यू'च्या वाक्याला मात्र 'डिडन्ट दे?' हाच प्रश्न जोडावा लागतो. त्याचप्रमाणे 'एनी' आणि 'एव्हर' हे एरवी नकाराच्या किंवा प्रश्नाच्या छायेत वावरणारे शब्द 'फ्यू'च्या मागोमाग बिनदिक्कत येतात. 'अ फ्यू' त्यांना आपल्या वाक्यात थारा देत नाही. याचा अर्थ असा की, 'फ्यू' हा संख्याविशेषणाच्या वेषातला नकार आहे. शब्दकोश त्याचा अर्थ 'थोडे' असा देतात तेव्हा ते वेषाचे वर्णन करतात.

ग्लासगो येथील लिंडा मॉक्सी आणि अँथनी सॅनफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी हाच भेद वेगळ्या, आणि समीक्षेच्या अभ्यासकाला अधिक उद्‌बोधक वाटेल अशा, मार्गाने उघड केला. त्यांचे १९८० च्या दशकातील प्रयोग आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले संख्याविषयक संज्ञापनावरचे पुस्तक यांच्या केंद्रस्थानी एक साधी युक्ती आहे. सामन्याला 'फ्यू' प्रेक्षक गेले असे वाक्य द्यायचे आणि पुढचे वाक्य 'दे' या सर्वनामाने सुरू करून पुरे करायला सांगायचे. 'अ फ्यू'नंतर लोक जे गेले त्यांच्याविषयी लिहितात : त्यांनी आरडाओरडा केला, ते भिजले, ते आनंदात परतले. 'फ्यू'नंतर मात्र बहुतेकांचे 'दे' हे जे गेले नाहीत त्यांच्याकडे वळते : ते घरी बसले, त्यांना थंडीचा त्रास वाटला, त्यांनी दूरचित्रवाणीवर सामना पाहिला. वाक्यात ज्यांचा उल्लेखही नाही, अशा अनुपस्थितांकडे सर्वनाम बोट दाखविते. भाषेतील सर्वनामाने आपले पूर्वपद मागे कोठेतरी शोधावे, ही व्याकरणाची मूलभूत अपेक्षा येथे मोडते, आणि कोणाला ती मोडल्याचे जाणवतही नाही.

या निरीक्षणाचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. 'किती?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून जो शब्द पुढे येतो, तो प्रत्यक्षात 'कोणाकडे पाहायचे?' या प्रश्नाचा निकाल लावून मोकळा होतो. पंधरा श्रोत्यांच्या सभागृहात 'फ्यू' म्हणणारा माणूस रिकाम्या खुर्च्या दाखवीत असतो, 'अ फ्यू' म्हणणारा भरलेल्या. पाहण्याची जागा, निवेदकाचा दृष्टिकोन, केंद्रीकरण या संकल्पना कथनमीमांसेने कादंबरीसाठी घडविल्या. त्यांचे बीज एका उपपदाच्या असण्या-नसण्यात रोजच्या इंग्रजी बोलण्यात पडलेले आहे.

मराठीत हे काम उपपदाने होणे शक्यच नाही, कारण मराठीला उपपद नाही. परंतु म्हणून मराठीत ते होत नाही असे नव्हे. 'थोडे लोक आले होते' हे वाक्य एकट्याने उभे केले, तर त्याची दिशा ठरत नाही. बोलणाऱ्याचा हेल ती ठरवितो. 'थोडेच लोक आले होते' म्हणताच ते 'फ्यू'च्या बाजूला कलते. 'थोडेसे', 'थोडेफार', 'काही' हे शब्द 'अ फ्यू'च्या बाजूला राहतात. म्हणजे इंग्रजीत जो भार 'अ' उचलतो, तो मराठीत 'च' हे अव्यय उलट बाजूने उचलते. इंग्रजीत उघडा शब्द नकाराकडे झुकलेला आहे आणि त्याला सावरण्यासाठी उपपद लागते. मराठीत उघडा शब्द तटस्थ आहे आणि त्याला नकाराकडे ढकलण्यासाठी 'च' लागतो. मॉक्सी-सॅनफर्ड यांची सर्वनामाची कसोटी मराठीला लावली, तर आणखी एक भेद दिसतो. 'फारसे प्रेक्षक आले नाहीत. त्यांनी घरीच बसणे पसंत केले' ही जोडणी कोणालाही खटकत नाही. 'थोडेच प्रेक्षक आले. त्यांनी घरीच बसणे पसंत केले' येथे मात्र कान किंचित अडखळतो. अनुपस्थितांकडे वळण्यासाठी मराठी वाक्याला क्रियापदातला उघड नकार हवासा वाटतो.

यामुळे इंग्रजी-मराठी कोशातील 'फ्यू : थोडे' ही नोंद किती धोक्याची आहे, हे स्पष्ट व्हावे. अमुक एका कवितेचे मर्म 'फ्यू' समीक्षकांना उमगले, असे इंग्रजी विधान 'काही समीक्षकांना या कवितेचे मर्म उमगले आहे' असे मराठीत आले, की मूळ लेखकाची तक्रार अनुवादात प्रशस्ती होते. एकही शब्द चुकीचा नसतो, पण विधान उलटे झालेले असते. पाश्चात्त्य साहित्यसिद्धान्ताची बरीच ओळख ज्या विद्यार्थ्यांना मराठी अनुवादांतून आणि सारांशरूप टिपणांतून होते, त्यांच्या बाबतीत ही केवळ व्याकरणाची सूक्ष्मता राहत नाही. 'फ्यू'चे मराठी रूप बहुतेक वेळा विशेषणात सापडत नसून क्रियापदात सापडते : 'फारसे... नाहीत', 'क्वचितच कोणी'. अनुवादकाने शब्दाच्या जागी शब्द शोधण्याचे सोडून विधानाची दिशा शोधली, तरच तो हाती लागतो.

'द फ्यू' या तिसऱ्या प्रयोगाची कथा निराळी आहे. २० ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश लोकसभेत विन्स्टन चर्चिल यांनी हवाई दलाच्या वैमानिकांविषयी जे वाक्य उच्चारले, ते विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध परिमाणवाचक विधान आहे, आणि त्यात संख्या एकही नाही. पुष्कळांवर पुष्कळ उपकार आणि ते करणारे अगदी थोडे, असा त्याचा आशय; वाक्याचा सारा डोलारा तीन अनिश्चित परिमाणांवर उभा आहे. त्या भाषणानंतर 'द फ्यू' हे मोठ्या अक्षराने लिहिले जाऊ लागले आणि ब्रिटनच्या लढाईत उडालेल्या सुमारे तीन हजार वैमानिकांचे व विमानदलातील त्यांच्या सहकाऱ्यांचे ते नाव झाले. त्यांत पोलिश होते, न्यूझीलंडचे होते, कॅनडाचे आणि चेकोस्लोव्हाकियाचेही होते. लंडनमध्ये थेम्सच्या काठी २००५ मध्ये उभारलेल्या स्मारकावर त्यांची नावे एकेक करून कोरली आहेत. अनिश्चित संख्याविशेषणाचे विशेषनाम झाल्याचे, आणि तेही मोजून-मापून यादी केलेल्या माणसांचे, याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. तीन हजार ही संख्या स्वतः ना थोडी, ना पुष्कळ. ती थोडी ठरते ती ज्यांचे रक्षण झाले त्या कोट्यवधींच्या शेजारी ठेवल्यावर.

हे शेजार रोजच्या बोलण्यातही सतत काम करीत असते. हान्स हॉर्मान या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये 'काही', 'कित्येक', 'दोन-चार' या अर्थाचे जर्मन शब्द म्हणजे नेमके किती, असा प्रश्न लोकांना विचारला. उत्तर शब्दावर अवलंबून नव्हते, मोजल्या जाणाऱ्या वस्तूवर होते. पावाचे 'काही' कण हे 'काही' डोंगरांपेक्षा संख्येने अधिक ठरले. झोपडीसमोरची 'काही' माणसे मोठ्या इमारतीसमोरच्या 'काही' माणसांपेक्षा कमी. इंग्रजीच्या बाबतीतही असेच दिसून आले आहे. ज्याला शब्दाचा अर्थ म्हणून एखादा आकडा, किंवा आकड्यांचा पट्टा, नोंदवून ठेवायचा आहे, त्याची येथे निराशा होते. दोन ते पाच, पाच ते नऊ असे पट्टे आखणारी कोष्टके लोकप्रिय असतात, पण डोंगराला लागू पडणारे कोष्टक कणांना लागू पडत नाही.

इतर शब्दांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. 'कपल' म्हणजे जोडी. परंतु बोलण्यात 'अ कपल ऑफ डेज' दोनाचे तीन किंवा चारही दिवस होऊ देते, आणि यावरून काटेकोर दांपत्यांत भांडणे होतात. 'सेव्हरल'चा मूळ अर्थ 'पृथक्, वेगवेगळा' असा आहे. कायद्याच्या इंग्रजीने तो अजून जपला आहे. आपल्याकडील दस्तऐवजांत त्याचेच 'संयुक्तपणे व पृथक्‌पणे' झाले. वेगवेगळे म्हणता येतील इतके, म्हणून दोनांहून अधिक, असा त्याचा प्रवास झालेला दिसतो, आणि आजही 'सेव्हरल'मध्ये 'अ फ्यू'पेक्षा एकेकाला वेगळे पाहिल्याची छटा आहे. 'अम्प्टीन' हा वैतागाने उच्चारला जाणारा शब्द तर सैनिकी संदेशवहनातल्या मोर्स लिपीतील लांब खुणेच्या बोलीनावावरून आला. संख्येशी त्याचा संबंध केवळ शेवटच्या 'टीन'पुरता आहे. त्यातून कळते ती मोजदाद नव्हे, मोजून कंटाळल्याची कबुली.

'सम' हा शब्द मात्र अधिक थांबून पाहण्याजोगा आहे, कारण तर्कशास्त्र आणि संभाषण यांची खरी झुंज याच शब्दावर झाली. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत 'काही अ ब आहेत' हे विधान 'सर्व अ ब आहेत' या विधानाशी विसंगत नाही; 'काही' म्हणजे निदान एक. एकोणिसाव्या शतकात सर विल्यम हॅमिल्टन यांनी 'सम'चा अर्थ 'काहीच, सर्व नव्हे' असा तर्कशास्त्रातच बांधून टाकावा असा आग्रह धरला. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६५ मध्ये हॅमिल्टन यांच्या तत्त्वज्ञानाची जी झडती घेतली, तीत या आग्रहाचा समाचार घेताना एक घरगुती उदाहरण दिले आहे. आज तुमची काही मुले मला दिसली, असे कोणी म्हटले, तर सगळी दिसली नाहीत असे ऐकणारा समजेल. ते 'काही' या शब्दाच्या अर्थामुळे नव्हे. सगळी दिसली असती तर बोलणाऱ्याने तसे सांगितले असते, म्हणून. सुमारे शंभर वर्षांनी पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या व्याख्यानांत आणि १९७५ मध्ये छापलेल्या निबंधात याच अनुमानाला सिद्धान्ताचे रूप दिले आणि लॉरेन्स हॉर्न यांनी १९७२ च्या प्रबंधात 'सम', 'मेनी', 'मोस्ट', 'ऑल' अशी उतरंड लावून दाखविली. उतरंडीतील खालची पायरी निवडणारा वरच्या पायरीविषयी मौन पाळतो, आणि ऐकणारा त्या मौनाचा अर्थ लावतो. हा अर्थ मागे घेता येतो : 'काही आले, किंबहुना सगळेच आले' या वाक्यात आत्मविरोध नाही.

बोलण्यातल्या 'सम'चे प्रकार एवढ्यावर संपत नाहीत. आघाताशिवाय उच्चारलेल्या 'सम'मध्ये, सफरचंदे आणली म्हणताना येते त्या 'सम'मध्ये, 'सर्व नव्हे' ही सूचना जवळजवळ नसते. संख्येच्या आधी आलेला 'सम' अंदाज दाखवितो : 'सम थर्टी पीपल' म्हणजे तीसएक माणसे. इंग्रजीने 'काही' हा शब्द घ्यावा आणि मराठीने त्याच जागी 'एक' जोडावा, यातला विनोद दोन्ही भाषांच्या वैयाकरणांनी चाखण्यासारखा आहे. शिवाय हे अनुमान माणूस उपजत करीत नाही. इरा नोव्हेक यांनी २००१ मध्ये फ्रेंच मुलांवर केलेल्या प्रयोगांत, 'काही जिराफांची मान लांब असते' अशा विधानांना सात-आठ वर्षांची मुले मोठ्या माणसांपेक्षा कितीतरी अधिक सहजपणे खरे मानतात असे आढळले. लहान मूल येथे ॲरिस्टॉटलच्या बाजूचे असते. संभाषणाचा संकेत त्याला वयाने येतो.

भारतीय काव्यशास्त्राशी परिचित असलेल्या वाचकाला येथे व्यंजनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. अभिधेने 'निदान एक', व्यंजनेने 'सर्व नव्हे', अशी मांडणी मोह पाडणारी आहे आणि ग्राइस यांचा सूचितार्थ म्हणजे आनंदवर्धनाचा ध्वनीच होय, असे समीकरण मांडले जाते. ते घाईचे आहे. ध्वनी अनुमानाने हाती लागत नाही, हे ध्वनिवाद्यांचे आग्रहाचे म्हणणे. उलट ग्राइस यांच्या सूचितार्थाची पहिली अट अशी की, तो पायरीपायरीने अनुमानून दाखविता आला पाहिजे. तुलना करायचीच असेल, तर ती ध्वनीचा अंतर्भाव अनुमानात करू पाहणाऱ्या 'व्यक्तिविवेक'कार महिमभट्टाशी अधिक न्याय्य ठरेल. काव्यात पराभूत झालेला महिमभट्ट बाजारातल्या आणि ओसरीवरच्या बोलण्यात जिंकतो, असे म्हणायला हरकत नाही.

संदिग्धता हा भाषेचा दोष आहे, ही समजूत जुनी आहे. एकेक कण काढीत गेल्यास ढिगाचा ढीगपणा नेमका कधी संपतो, हा युबुलिडीसच्या नावावर सांगितला जाणारा कूटप्रश्न तिच्या मुळाशी आहे. बर्ट्रंड रसेल यांनी १९२३ मध्ये सारी नैसर्गिक भाषा कमीअधिक संदिग्धच असते असे प्रतिपादन केले. टिमथी विल्यमसन यांनी १९९४ मध्ये ढिगाला काटेकोर सीमा असतेच, ती कोठे आहे हे मात्र आपल्याला कळू शकत नाही, अशी टोकाची भूमिका घेतली. ढिगापुरता हा वाद रंगतदार आहे. परंतु 'फ्यू'ला तो लागू करताना एक गोष्ट निसटते : ढिगाला अपेक्षा नसते, बोलणाऱ्याला असते. पंधरा श्रोते 'थोडेच' होते की नाही, हे श्रोत्यांकडे कितीही निरखून पाहिले तरी ठरणार नाही. किती येतील असे वाटले होते, हे विचारावे लागेल. जोआना चॅनेल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, संदिग्ध शब्द नेमकेपणाने वापरता येणे हा भाषिक क्षमतेचाच भाग आहे, हे प्रत्यक्ष संभाषणांच्या आधारे दाखवून दिले. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या निबंधात राजकीय इंग्रजीच्या धूसरपणावर केलेला हल्ला आजही वाचनीय आहे, पण लबाडीची धूसरता आणि संभाषणाची धूसरता यांत त्यांनी केला त्याहून अधिक भेद करायला हवा होता.

शब्दांना आकडे बांधून देण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि ते वाया गेले असेही म्हणता येत नाही. युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची 'गंभीर शक्यता' आहे, असे अमेरिकन गुप्तवार्ता-विश्लेषकांनी १९५१ मध्ये एकमताने लिहिले. त्यांतील शर्मन केंट यांनी सहकाऱ्यांना पुढे विचारले तेव्हा कोणाच्या मनात वीस-ऐंशीचे प्रमाण होते, कोणाच्या मनात ऐंशी-वीसचे. सहमती शब्दावर झाली होती. १९६४ मध्ये केंट यांनी अशा शब्दांची टक्केवारी सुचविली. युरोपातील औषधांच्या माहितीपत्रकांतही असेच झाले : तेथील नियमांनुसार 'कॉमन' दुष्परिणाम म्हणजे शंभरांत एकाहून कमी नाही आणि दहांहून कमी माणसांना होणारा. ब्रिटनमधील अभ्यासांत सामान्य माणसे त्याच शब्दावरून याच्या कितीतरी पट अधिक धोका गृहीत धरतात असे आढळले. नियम करणाऱ्याने शब्दाला आकडा दिला, पण शब्दाची दिशा त्याला काढून घेता आली नाही. 'कॉमन' वाचणारा रुग्ण टक्केवारी वाचत नाही. त्याला ऐकू येते ते 'तुलाही होईल'. औषध घ्यायचे की नाही, हा निर्णय तो त्यावर करतो.

साहित्यकृतीत या भेदाचे काय होते, याचा एक नमुना जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीत, नेदरफील्डच्या दिवाणखान्यात घडणाऱ्या प्रसंगात सापडतो. ही कादंबरी आकड्यांच्या बाबतीत मुळीच लाजरी नाही. बिंगलीचे वार्षिक उत्पन्न चार-पाच हजार पौंड, डार्सीचे दहा हजार, बेनेट यांचे दोन हजार, हे वाचकाला लवकरच कळते. लग्नाच्या बाजारात आकडे उघडे असतात. एलिझाबेथ आणि बिंगली यांच्यात माणसांच्या स्वभावाच्या अभ्यासाविषयी बोलणे चालले असता डार्सी मध्ये पडतो आणि ग्रामीण भागात अशा अभ्यासाला विषय थोडेच मिळतात, तेथील वर्तुळ आकुंचित आणि न बदलणारे असते, असे सांगतो. मिसेस बेनेट यांना तो आपल्या परिसराचा अपमान वाटतो. काही वेळाने त्या उत्तर देतात ते संख्येने : आमचे चोवीस कुटुंबांकडे जेवणखाण आहे.

या उत्तरावर बिंगली केवळ एलिझाबेथकडे पाहून हसू आवरतो. त्याची बहीण तेवढी भिडस्त नसल्यामुळे डार्सीकडे अर्थपूर्ण कटाक्ष टाकते. विनोद कशात आहे? चोवीस ही संख्या लहान आहे, यात तो आहे असे सामान्यतः समजले जाते. तेवढ्याने तो पुरा होत नाही. दोनशे कुटुंबे म्हटली असती, तरी उत्तर तितकेच फसले असते. डार्सीचे 'थोडेच' ही मोजणी नव्हती. ती एक दिशा होती, जे तेथे नाही त्याकडे, लंडनकडे, दाखविलेले बोट होते. त्याचे खंडन आकड्याने होऊच शकत नाही, आणि मिसेस बेनेट आकडा पुढे करून आपण कोणत्या वर्तुळातल्या आहोत हे सिद्ध करतात. पण ऑस्टिनचा तोल येथेच थांबत नाही. अनिश्चित शब्दात बोलणारा डार्सी कशालाही बांधील राहत नाही. चोवीस म्हणणारी बाई निदान पडताळून पाहता येईल असे काही बोलते. उपहासाचे लक्ष्य ती असली, तरी मोघम शब्दाच्या आडून तुच्छता दाखविण्याची सोय ज्याला आहे, त्याचा हिशेब पुढे एलिझाबेथ चुकता करते. वर्गात ही कादंबरी शिकविताना हा प्रसंग मिसेस बेनेट यांच्या मूर्खपणाचा पुरावा म्हणून निकालात काढला जातो, ते अपुरे आहे.

मोघम परिमाणाची ही सोय केवळ सरदारांच्या दिवाणखान्यापुरती नाही. इंग्रजी समीक्षेतील 'सम क्रिटिक्स' हा प्रयोग मराठी समीक्षेने 'काही समीक्षकांच्या मते' या रूपात फार पूर्वीच आपलासा केला, आणि त्याच्या सोबतीला 'अनेकदा असे म्हटले जाते', 'बऱ्याच जणांना असे वाटते' ही भावंडेही आली. या 'काही'ची संख्या किती, हे विचारणे व्यर्थ होय. पुष्कळदा ती एक असते आणि त्या एकाचे नाव लेखकाला ठाऊक असते. नाव घेतले तर उत्तर येण्याची शक्यता असते. अनेकवचनाला उत्तर देता येत नाही. याला मॉक्सी आणि सॅनफर्ड यांची युक्ती लावून पाहावी. 'काही समीक्षकांच्या मते ही कादंबरी फसली आहे' हे वाक्य घ्यावे आणि पुढचे वाक्य 'त्यांनी' या सर्वनामाने सुरू करावे. त्यांनी ते कोठे लिहिले, कोणती कारणे दिली, कोणत्या प्रकरणावर बोट ठेवले? बहुतेक लेखांत त्या 'त्यांनी'पुढे लिहिण्यासारखे काहीच नसते. पुढचे वाक्य सुरू होते ते 'परंतु' या शब्दाने.